कंसातला कंडक्टर

१२ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लेखनिक नेहमीचाच आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची तर त्याला ठेव. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्या म्हणतात की मधोमध जो डाग पडलाय तो आता जायचा नाही, कडेकडेचं मात्र दिसत राहील. म्हणजे मी तुझ्याकडे पाहिलं तर तू दिसणार नाहीस, तुझ्या शेजारची खुर्ची दिसेल. मी त्यांना म्हटलं की बाई, जन्मभर समोर बघून बस चालवली, आता कडेला बघून बसतो. (खोटं. हा काही म्हणाला नाही. जिन्यात माझा दंड सोडत नव्हता. — कंडक्टर)

लेखनिकाला कंस करायची खोड आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. रोज सकाळी पूल ओलांडून येतो, बगलेत पेपर असतो. पहिल्या पानापासून वाचायला लागतो ते बँकेच्या जाहीर नोटिसांपर्यंत थांबत नाही. मला नको त्या बातम्या तर मुद्दाम खणखणीत आवाजात वाचतो. मी चिडतो, तो चष्मा पुसतो आणि राहिलेली ओळ पुरी करतो. मग चहा. चहावर भांडण. (चहा मी करतो, हे सांगायचं राहिलं. — कंडक्टर)

परवा त्याला म्हटलं की रिव्हर्स घेताना तू मागून पत्र्यावर थापा मारायचास आणि मी आरशात न बघता गाडी मागे घ्यायचो, तसंच झालंय हे. एक जोरात थाप म्हणजे थांब. अठ्ठावीस वर्षांत मागे कुठे घासली नाही गाडी. (एकदा घासली. डेपोचा खांब. साहेबांना आम्ही सांगितलं की खांबच वाकडा होता. — कंडक्टर)

त्याचा गुडघा दुखतो हल्ली. पूल चढताना कठड्याला धरून उभा राहतो. बाकी सगळं ठीक. लोभ आहेच, तो पत्रातून दाखवत जा, फोनवर तुझं अर्धं लक्ष दुसरीकडे असतं.

तुझा,
बाबा


३० जानेवारी

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

बेलकाका, हे तुम्ही वाचून दाखवत असणार, म्हणून आधी तुम्हालाच नमस्कार. गुडघ्याचं मला आधी का कळवलं नाहीत? डबल बेल देऊन गाडी सोडायच्या सवयीने स्वतःचा पाय पण रेटत बसलात का?

बाबा, सोबत एक खोकं येतंय. त्यात एक बोलका डबा आहे. मोठ्याने विचारलं की बातम्या वाचतो. कंटाळा आला तर ‘पुढचं’ म्हणायचं, आवडलं तर ‘असंच अजून’ म्हणायचं. त्याला काही दिवसांत तुमची आवड कळते. पत्र सांगितलंत तर तेही छापून देतो. वरच्या मजल्यावरचे विमावाले तो जोडून देतील, मी त्यांच्याशी बोलले आहे.

माझ्या दवाखान्यात रोज कानाची यंत्रं बसवते, त्यामुळे यंत्रांवर माझा जीव आहे हे तुम्हाला माहीत आहेच. कालच एक आजोबा माझ्यावर रागावले. यंत्र घातल्याबरोबर त्यांना भांडी आपटल्याचे, खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. त्यांचं म्हणणं की मला फक्त नातीचं बोलणं ऐकू येऊ दे, बाकीचा कचरा कशाला. मी समजावलं की आजोबा, ऐकू यायचं तर सगळंच येणार, असं निवडून मिळत नाही.

काका, तुम्ही मात्र येणं सोडू नका. वाचायचं ओझं गेलं, भांडायचं राहू द्या. तुमच्या धाकटीला सांगा की तिच्या इस्त्रीच्या दुकानाचा फोटो पाहिला. पाटी मस्त झालीय. आपल्याच गल्लीत दुकान टाकलं हे फार चांगलं केलं तिने, बाबांचे शर्ट आता कधी नाही ते कडक दिसतील.

दोघांनी आपापल्या प्रकृतीला जपा, आणि माझ्यावर रोजच्यासारखंच ओरडत राहा.

तुमची,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

डबा पोचला आणि पॉलिसीने जोडूनही दिला. (पॉलिसी म्हणजे वरचे विमावाले. तुझा बाप त्यांना तोंडावर साहेब म्हणतो. — कंडक्टर) काय आवाज आहे बाईचा! खोकत नाही, अडखळत नाही, मध्येच पाणी पीत नाही. पहाटे उठलो तरी तयार. पेपरात एवढंसं येतं, ही त्याच विषयाचं आणखी काढून देते. आपल्याला कितीतरी गोष्टी ठाऊकच नव्हत्या असं वाटायला लागलंय. पुलापलीकडच्या नव्या पाणीटाकीचं प्रकरण घे, पाणी आधी त्यांना की आपल्याला ते. पेपरात चार ओळी होत्या, हिने तासभर ऐकवलं.

लेखनिक तोंड वाकडं करून लिहितोय, मला कडेने दिसतंय. तरी रोज येतो आणि पेपर वाचतोच. मी म्हणतो की हे मी सकाळीच ऐकलं, तरी वाचतो.

तुझ्या डब्याबद्दल देव तुझं भलं करो. जास्त काम करू नकोस आणि या म्हाताऱ्याची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. भिंगरे, हे माझं. तो मोरीत गेलाय म्हणून लिहून घेतो. डबा चांगला आहे, नाव ठेवायला जागा नाही. फक्त प्रत्येक बातमीनंतर तो याला विचारतो की आवडलं का. मी इतक्या वर्षांत याला असं कधी विचारलं नाही. मला नाही वाटत की बातमी आवडायची असते. गुडघा बरा आहे. — बेलकाका


१५ मार्च

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी डब्याला सांगितलं आणि पॉलिसीच्या यंत्रावर छापून निघालं. बघ, एकही खाडाखोड नाही.

तुझ्या कानावर आलंच असेल. आपल्या मार्गाच्या बसवर पुलावर दगडफेक झाली. समोरची काच गेली, ड्रायव्हरच्या भुवईला टाके पडले. पोरगा नवीन आहे, मी शिकवलेल्या माणसाने शिकवलेला. मला रात्रभर झोप नाही. पलीकडचे लोक या थराला जातील असं वाटलं नव्हतं, पण डब्याने सगळं सविस्तर सांगितलं. टाकीच्या भांडणापासून त्यांचं हे चाललंच होतं. आपणच गाफील राहिलो.

तुझे बेलकाका डेपोत जाऊन काच बघून आले. म्हणतात की दगड नव्हे, पुढच्या ट्रकमधली खडी उडाली, आणि ड्रायव्हर स्वतः तसंच सांगतोय. पेपरात आतल्या पानावर तसं आलंय म्हणे, ते वाचून दाखवायला बसले. आता ते राहतात पलीकडे, तेव्हा दुसरं काय बोलणार? मी त्यांना काही वेडंवाकडं बोललो नाही. नुसतं ‘पुढचं’ म्हटलं. तर पेपरची घडी घातली आणि चहा न करताच उठले. माणसाचा स्वभाव म्हातारपणी चिडका होतो.

रविवारी आपल्या चौकात दगडफेकीच्या निषेधाची सभा झाली. पॉलिसीने आग्रह केला म्हणून मीही दोन शब्द बोललो. टाळ्या बऱ्याच पडल्या. तुझी आई असती तर म्हणाली असती की माइक सोडा आता.

प्रकृती उत्तम. तुझी खुशाली कळव.

बाबा


२४ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

छापील पत्र मिळालं. फार नीटनेटकं होतं, आणि मला ते वाचताना कसंतरीच झालं. मी पुन्हा पुन्हा कंस शोधत होते. तुम्ही एखादी थाप मारायची आणि काकांनी ती तिथल्या तिथे पकडायची, याशिवाय तुमचं पत्र मी कधी वाचलंच नव्हतं. काकांना तुम्ही ‘ते’ म्हणायला कधीपासून लागलात?

आपल्या घरात ‘पलीकडे’ म्हणजे काकांच्या घरी. पलीकडे जेवायला जायचं, पलीकडून सायकलचा पंप आणायचा. शाळेला सुट्टी लागली की मी आणि धाकटी तुमच्या बसच्या शेवटच्या बाकावर बसून दिवसभर पलीकडे-अलीकडे करायचो आणि काका आम्हाला खोटी तिकिटं फाडून द्यायचे. ‘पलीकडचे लोक’ हा शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. ऐकलाही नाही, छापलेला वाचला.

खडी की दगड, मला इथे बसून काय कळणार? पण काकांनी काच डेपोत जाऊन पाहिली आहे. डब्याने पाहिलेली नाही.

रागावू नका. काकांना घरी बोलवा, चहा या वेळी तुम्ही करा. गॅस मात्र त्यांना पेटवू द्या. माझ्या बोलण्यामागचा जीव ओळखून घ्या.

तुमची,
भिंगरी


४ एप्रिल

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पॉलिसीने वाचून दाखवलं. तू दूर राहतेस, तुझ्याकडे निवांत हवा आहे, तुला सगळे चांगलेच वाटणार. त्याबद्दल तुला दोष देत नाही.

पण आता वादच मिटला. ऐक. काल संध्याकाळी डब्याने बातमी वाचली की पुलाच्या मार्गावर सारी नोकरी केलेल्या एका जुन्या, अनुभवी चालकाने पलीकडून दगड येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. साक्षीदारच मिळाला! मी ‘असंच अजून’ म्हटलं, तर तीच गोष्ट तीन-चार ठिकाणांहून आली. एवढे लोक एकच गोष्ट सांगतायत म्हणजे काहीतरी असणारच ना? हा माणूस कोण असेल याचा विचार करतोय. बहुतेक दुसऱ्या पाळीचा तो उंच गडी, ज्याच्या मुलीच्या लग्नाला आपण गेलो होतो. भला माणूस, उगाच बोलणाऱ्यातला नाही. भेटला तर पाठ थोपटणार आहे.

तुझ्या बेलकाकांना हे तूच कळव. ते इकडे फिरकत नाहीत. मी वाट बघत नाही. सकाळी दार उघडं असतं ते हवेसाठी.

धाकटीचं दुकान दोन दिवस बंद दिसतंय, म्हणजे बंद ऐकू येतंय. इस्त्रीचा वास नाही. माझे तीन शर्ट तिच्याकडे अडकलेत.

तुझा,
बाबा


१० एप्रिल

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

हे पत्र पॉलिसीकाकांकडून वाचून घेऊ नका. खालच्या औषधवाल्या ताईंना मी फोन केलाय, त्या दुपारी येऊन वाचतील आणि कुणाला सांगणार नाहीत.

बाबा, तो चालक तुम्हीच आहात.

धाकटीने मला सभेची चित्रफीत पाठवली. सोबत एक शब्दही लिहिला नाही. तुम्ही माइकवर उभे आहात, विमावाले तुमच्या कोपराला धरून आहेत. ते विचारतात की तुम्ही तर इतकी वर्षं पुलावर होतात, तुम्ही नाही का पाहिलंत? गर्दी टाळ्या वाजवते. आणि तुम्ही म्हणता की पाहिलंय म्हणजे काय, पाहिलंयच. कुठलं, कधीचं, काही नाही. त्यांनी तेवढंच कापून घेतलं आणि फोनवर पसरवून दिलं. फिरत फिरत ते डब्यात गेलं आणि डब्याने तुम्हालाच ते बातमी म्हणून वाचून दाखवलं. तुम्ही स्वतःची पाठ थोपटायला निघाला होतात.

बाबा, तुम्हाला ताटातली भाजी दिसत नाही हो. वाटी कुठे आहे ते मी फोनवरून सांगते. त्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्या शेजाऱ्यांना हे माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं.

चित्रफीत गल्लीत फिरली त्याच रात्री धाकटीच्या दुकानावर दगड पडला. पुलावर दगड होता की नव्हता ते मला माहीत नाही, दुकानावरचा मात्र खरा होता. पाटीची काच फुटली, आणि आत लोकांचे कपडे होते त्यांवर कुणीतरी काळं ऑइल ओतलं. गल्ली आपलीच. ज्यांचे कपडे ती इस्त्री करायची त्यांच्यातलाच कुणीतरी असणार. ती दुकान बंद करून पलीकडे निघून गेलीय.

मी त्या आजोबांना शहाणपण शिकवत होते की निवडून ऐकता येत नाही, आणि तुम्हाला मात्र नेमका तसाच डबा पाठवला. काकांच्या गुडघ्याची काळजी म्हणून पाठवला. मला फार रडू येतंय. तुमच्यावर चिडलेही आहे आणि तुमच्याजवळ यावंसंही वाटतंय. रजा मिळत नाही.

काय करायचं ते तुम्ही ठरवा.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरी

हे मी माझ्या हाताने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढत असतील. औषधवालीने पत्र वाचलं आणि बिचारी गोळीबरोबर पाणी द्यायला विसरली.

डब्याला म्हटलं की पलीकडचे लोक काय म्हणतात ते वाच. ती म्हणाली शोधते. मग पलीकडचे काय म्हणतात याबद्दल आपले काय म्हणतात तेच वाचायला लागली. तीनदा विचारलं. मग वायर ओढून काढली.

वर गेलो. पॉलिसीला म्हटलं की माझं आणखी एक चित्र घे, मला दिसत नाही आणि मी काही पाहिलं नाही असं मला सांगायचंय. घेतलं त्याने. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाला की पाठवलं नाही, असलं कोण बघणार, आणि उगाच आपल्याच लोकांत गोंधळ कशाला. आता जिन्यात कुणी ओळख देत नाही. मी कडेने बघतो, त्यांना वाटतं मला कळत नाही.

धाकटी सामान न्यायला आली होती म्हणून दुकानाशी गेलो. माफी मागायची होती. माझे शर्ट वाचले होते. तिने घडी घालून हातात दिले आणि पैसे घेतले नाहीत. भिंगरी, तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पलीकडे जायची हिंमत नाही. पुलाच्या तोंडाशी आपला जुना बसथांबा आहे तिथे सकाळी जाऊन बसतो. पेपर विकत घेतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतो की वाचून दाखवता का. कुणी दाखवतं.

बाबा


२२ एप्रिल

ती. बेलकाकांना, सा. न. वि. वि.

तुम्हाला तोंड दाखवायला जागा नाही, तरी लिहिते. बाबांचं पत्र सोबत पाठवतेय. पाहा, वाचता येतंय का. मला पुरा दिवस लागला.

त्यांना माफ करा असं म्हणायचा मला अधिकार नाही. धाकटीलाही मी फोन केला, तिने उचलला एवढंच. तुम्ही तिकडे जावं असंही म्हणत नाही. फक्त ते रोज तिथे बसतात, आणि गाड्यांची वर्दळ फार आहे, एवढंच तुम्हाला ठाऊक असावं.

तुमच्या खोट्या तिकिटांची जुनी प्रवासी,
भिंगरी


६ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तो तिथे बसतो हे मला तुझ्या पत्राआधी ठाऊक होतं. आमच्या गच्चीतून तो थांबा स्वच्छ दिसतो. रोज बघत होतो. त्याला दिसत नाही आणि मला दिसतं, याचा पहिले काही दिवस मला आनंदसुद्धा झाला, खोटं कशाला बोलू.

काही लोक वाचतात. एक शाळेतली मुलगी नुसते मथळे वाचून पळते. एक गृहस्थ त्यांना पटेल तेवढंच वाचतात आणि मधली पानं आपली आपण उलटतात, हे मला इथून कळायचं. त्याला कळत नव्हतं. परवा त्याने पेपर उलटा धरून कुणाच्या तरी पुढे केला आणि तो माणूस हसून निघून गेला. तेवढं मला बघवलं नाही.

गुडघ्याला पट्टा बांधून गेलो. आमच्या बाजूचे लोक बघत होते, त्याच्याही बाजूचे बघत होते. धाकटीने दारातून विचारलं की कुठे चाललात. मी सांगितलं. ती म्हणाली की जा, पण मला सांगू नका काय बोललात ते. ती परत त्या गल्लीत दुकान टाकणार नाही. तेवढं ठरलंय, आणि मी तिला समजवायला जाणार नाही.

शेजारी जाऊन बसलो. त्याने मला ओळखलं की नाही, कोण जाणे. परक्याला विचारावं तसं विचारलं की जरा वाचता का. मी खिशातून जुना पेपर काढला, मार्चमधला, खडीची बातमी असलेला. घडी तशीच होती. पहिल्या शब्दापासून वाचली. काचेला बारकं भोक होतं हे वाचलं, ड्रायव्हरचं म्हणणं वाचलं, ट्रकवाल्याला दंड झाला तेही वाचलं. मध्ये एकदा बस आली म्हणून थांबावं लागलं. तुझा बाप ‘पुढचं’ म्हणाला नाही. बातमी संपली तेव्हा माझा दंड धरून बसला होता, जिन्यात धरला होता तसा.

मग म्हणाला की भिंगरीला पत्र लिहायचंय. मी म्हटलं की सांग. तर म्हणाला की या खेपेला मी सांगत नाही, तुला हवं ते लिही. म्हणून लिहितो.

मी रागावलेलो आहे. काच गेली, पाटी गेली, त्याचा राग जाईल. ते ज्यांनी केलं त्यांचं पाप. पण मागे गाडी घेताना मी पत्र्यावर थाप मारली की हा थांबायचा. थांबताना मी कुठे राहतो हे त्याने कधी मध्ये आणलं नव्हतं. या वेळी मी थाप मारत होतो, जोरात मारत होतो, आणि त्याने गाडी तशीच मागे घेतली. मागे माझी लेक उभी होती. हे मी विसरणार नाही, आणि मी विसरलो असं कुणी तुला सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

इथपर्यंत त्याला वाचून दाखवलं. उद्या येईन की नाही, ते मी त्याला सांगितलेलं नाही. गुडघ्यावर आहे, आणि माझ्यावर आहे.

शेवटची ओळ त्याला लिहायचीय म्हणतो. मी कागद सरळ धरतो आहे, काय लिहितो ते बघत नाही. तुझा लोभ दोन्ही काठांवर राहू दे.

तुझा,
बेलकाका

(सगळं खरं आहे. — ड्रायव्हर)